चुना लावणारा मेसेज

"लघवीच्या जागी पुळी दिसली की समजा मस. बाहेरख्यालीपणा केल्याशिवाय हा रोग होत नाही. पुढे कॅन्सर ठरलेला. डॉक्टर नुसते जाळतात आणि घरी कळवतात. चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावा, सात दिवसांत गळून पडेल. लाजू नका, पुढे पाठवा."

हा मेसेज वर्षभरात चार पेशंटनी मला दाखवला. शेवटचा 19 वर्षांचा, होस्टेलवर राहणारा. आधी दहा मिनिटं केस गळतात म्हणून सांगत बसला. मग मोबाइल पुढे सरकवला. टॉर्च मारून काढलेले, झूम केलेले फोटो. "डॉक्टर, कॅन्सर कितव्या स्टेजला असेल?"

तपासलं. शिश्नाच्या टोकाच्या कडेला मोत्यांच्या सरीसारखे बारीक, एकसारखे दाणे, ओळीत. वयात आल्यावर कित्येक मुलांना असे दिसतात. पर्ली पॅप्यूल्स म्हणतात त्यांना. हा रोग नव्हे, संसर्ग नव्हे, औषधही लागत नाही. शेजारी मात्र रुपयाएवढी लालभडक जखम होती. ती चुन्याची. त्या पोराला झालेला एकमेव आजार त्याला या मेसेजने दिला होता.

म्हणून पहिलं वाक्यच आधी घेतो. तिथली प्रत्येक पुळी मस नसते. पांढरट-पिवळे ठिपके बहुधा तेलग्रंथी असतात. दाढीच्या ब्लेडने केस काढल्यावर येते ती केसतोड. मुलींच्या योनीच्या दाराशीही मऊ दाणे असू शकतात, तेही नैसर्गिक. मधोमध खळगा असलेला दाणा मोलस्कम या वेगळ्या विषाणूचा. खरं मस म्हणजे चामखीळ, ती ओबडधोबड, कधी फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी, सहसा न दुखणारी. आणि सिफिलिस या लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजाराच्या दुसऱ्या टप्प्यातले चपटे, ओलसर चट्टे मसासारखेच दिसतात. तिथे रक्त तपासावं लागतं. फोटो झूम करून हे कळत नाही. मलाही नाही.

बाहेरख्यालीपणाचं म्हणाल, तर मस ज्याच्यामुळे येतं तो एचपीव्ही हा विषाणू त्वचेला त्वचा लागून पसरतो. आयुष्यात एकच जोडीदार असला तरी पुरे. संसर्गानंतर मस दिसायला काही आठवडे, काही महिने, क्वचित त्याहून जास्त काळ जातो, आणि ज्याच्याकडून आला त्याच्या अंगावर काहीच दिसत नाही, असं सर्रास होतं. लग्नाला सहा महिने झाल्यावर मस दिसलं म्हणून नवऱ्याने माहेरी धाडलेली मुलगी माझ्यासमोर बसून रडली आहे. कोणी कोणाला दिलं हे सांगणारी तपासणीच नाही. कंडोमने धोका कमी होतो, पण तो झाकत नाही त्या त्वचेचं काय, हा प्रश्न उरतोच.

कॅन्सरच्या वाक्यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते जास्त चालतं. एचपीव्हीचे प्रकार शेकड्यांनी. जननेंद्रियांवरच्या चामखिळींपैकी सुमारे 90 टक्के 6 आणि 11 या प्रकारांमुळे येतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे 70 टक्क्यांमागे 16 आणि 18 असतात. घराणं एक, भाऊ वेगळे. मस वाढून कॅन्सर होतो असं नाही. मात्र एकाच व्यक्तीला दोन्ही गटांची लागण होऊ शकते, म्हणून बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी चुकवू नये. पुण्याच्या सीरमने 2023 मध्ये आणलेली सर्व्हाव्हॅक लस या चारही प्रकारांवर आहे, मुलींसाठी आणि मुलांसाठीही. आलेलं मस ती घालवत नाही, हेही सांगून ठेवतो.

'नुसते जाळतात' हे तर जुनंच. घरी लावायची क्रीम आहेत, द्रव नायट्रोजनने गोठवणं आहे, विजेने काढणंही आहे. पहिल्या काही महिन्यांत मस परत उगवू शकतं, तेव्हा पुन्हा यावं लागतं. दिवस गेले असतील तर आधी सांगा, काही औषधं तेव्हा चालत नाहीत.

घरी कोणी कळवत नाही. 18 पूर्ण झालेल्या पेशंटची गोष्ट आमच्यापाशीच राहते. सिव्हिलमध्ये आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे समुपदेशक भेटतो, तपासणी-औषध मोफत. आधी फोनवर विचारायचं असेल तर 1097, ही सरकारी एड्स हेल्पलाइन. पण आमच्या बोर्डांवर अजून 'गुप्तरोग' लिहिलेलं असतं, त्या बोर्डाखाली उभं राहायला पोरं कचरतात, हा दोष आमचाच.

राहिला चुना. ओला चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र आले की कॉस्टिक सोडा तयार होतो. तुंबलेल्या मोरीत ओततात तो. मस गळतं म्हणतात ते खोटं नाही, आजूबाजूची कातडीही गळते. मेडिकलमधलं कुरूपाचं औषधही तिथे लावायचं नाही, ते तळपायासाठी आहे.

दहा दिवसांनी तो मुलगा परत आला. जखम भरली होती. केस मात्र खरंच गळत होते.