वॉटरप्रूफ घड्याळ पाण्यापासून लांब का ठेवायचं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे, पण तो घड्याळांच्या प्रेमापोटी आलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : दुसऱ्या महायुद्धापूर्वीची वॉटरप्रूफ मनगटी घड्याळं जमवा असं मी एका तोंडाने सांगतो आणि दुसऱ्या तोंडाने त्यांना पाण्याचा थेंबही लागू देऊ नका म्हणतो. नवी चावी (पीळ द्यायची कडेची घुंडी), नव्या रबरी कड्या आणि नवी काच बसवली की जुनं घड्याळ पुन्हा पाण्यात जाऊ शकतं. तुमच्या मित्राचं घड्याळ तर तीन अ‍ॅटमॉस्फिअर दाबाच्या चाचणीत पास झालं. मूळ चावी आणि डागाळलेली तबकडी जपायचा आग्रह म्हणजे संग्राहकांनी भाव चढवण्यासाठी काढलेलं खूळ. रोलेक्सचं ऑयस्टर घड्याळ आणि इंग्लिश खाडी पोहणाऱ्या बाईंची गोष्ट तर निव्वळ जाहिरात, आणि ऑयस्टर पहिलं वॉटरप्रूफ घड्याळही नव्हतं. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडचं तिशीच्या दशकातलं स्टीलचं घड्याळ तुम्ही लवकरच घड्याळजीकडे देणार आहात : चावी बदलायला, केस (घड्याळाची बाहेरची धातूची खोळ) पॉलिश करायला आणि तबकडी नव्याने रंगवून घ्यायला.

ती शेवटची ओळ वाचून लगेच लिहायला बसलो. बाकीचे मुद्दे थांबू शकले असते. पॉलिश केलेली केस आणि खरवडलेली तबकडी मात्र परत मिळत नाही.

घड्याळात पाणी शिरायच्या जागा तीन : काचेची कड, मागचं झाकण आणि चावीचं भोक. पहिल्या दोन एकदा घट्ट बंद केल्या की वर्षानुवर्षं उघडायची गरज नसते. खरी अडचण चावीची. तिला रोज पीळ द्यायचा, वेळ लावायला ती बाहेर ओढायची, आणि तिची दांडी केसच्या भिंतीतून थेट मशीनपर्यंत गेलेली. जी वस्तू सतत फिरली पाहिजे तिच्याभोवतीच पाणी अडवायचं, आणि हे अशा काळात, जेव्हा आजची साधी गोल रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, घड्याळात पोचलेलीच नव्हती. त्या ओ-रिंगच्या नील्स क्रिस्टेन्सेन यांच्या अमेरिकन पेटंटचा अर्जच १९३७ सालचा आहे. म्हणजे युद्धापूर्वीच्या कारागिरांना हे कोडं धातू, बूच, चामडं असल्या सामानातून सोडवायचं होतं. मी ही घड्याळं जमवतो ती या कोड्यापायी. प्रत्येकाने ते आपापल्या डोक्याने सोडवलं, आणि त्या काळात एकासारखं दुसरं उत्तर सहसा सापडत नाही.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या सुरुवातीला ‘हर्मेटिक’ घड्याळं आली. त्यांत चावीला हातच लावला नव्हता : अख्खं घड्याळ दुसऱ्या, आट्यांच्या डबीत बंद. पाणी आत येत नसे, पण चावी द्यायला रोज ती डबी उघडावी लागे. रोजच्या उघडझापीने आटे झिजले, आणि ज्या आट्यांवर सगळा भरवसा होता तेच आधी सैल पडले. जॉन हारवूड या इंग्लिश घड्याळजीने तर चावीच काढून टाकली. त्याच्या १९२४च्या स्विस पेटंटातलं घड्याळ मनगटाच्या हालचालीने आपोआप पीळ घेतं आणि वेळ लावायची ती काचेभोवतीची कडी फिरवून. भोकच नाही, तर धूळ आणि ओल शिरणार कुठून? मला आजही हे उत्तर सगळ्यांत धाडसी वाटतं.

स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फों गावच्या पेरेगो आणि पेरे या दोघांनी १९२५ साली आट्यांवर बसणाऱ्या चावीचं पेटंट नोंदवलं. रोलेक्सचा संस्थापक हान्स विल्सडॉर्फ याने ते हक्क विकत घेतले आणि १९२६ साली रोलेक्स ऑयस्टर आलं : काचेची कडी आणि पाठ दोन्ही केसवर आट्यांनी घट्ट, आणि चावीही पीळ दिल्यावर खाली दाबून फिरवून बंद करायची. या रचनेतही हर्मेटिकचंच दुखणं लपलेलं होतं. घड्याळ हाताने चावी द्यायचं असल्यामुळे चावी रोज उघडायची, रोज बंद करायची. एखाद्या दिवशी बंद करायला विसरलं की झालं. १९३१ साली रोलेक्सने गोल फिरणाऱ्या वजनाने (रोटरने) पीळ घेणारं स्वयंचलित ‘पर्पेच्युअल’ काढलं, आणि त्याचा मोठा फायदा मला हाच दिसतो की चावी उघडायचं रोजचं कारण संपलं. वॉटरप्रूफ आणि ऑटोमॅटिक ही जोडी तेव्हापासून जमली ती अशी.

ओमेगाच्या १९३२च्या ‘मरीन’ने पुन्हा दोन केसचा मार्ग धरला, पण आटे टाळून. आतली केस बाहेरच्या केसमध्ये सरकते आणि मागची खिट्टी दोन्हींना एकमेकींवर दाबून धरते. चावी बाहेरच्या केसच्या आत झाकलेली. १९३६ साली हे घड्याळ आधी गरम पाण्यात बुडवून मग जिनिव्हाच्या सरोवरात ७३ मीटर खोल अर्धा तास ठेवलं होतं, आणि पुढच्या वर्षी न्यूशातेलच्या प्रयोगशाळेने त्याला १३५ मीटरइतक्या दाबाचा दाखला दिला. जिनिव्हाच्याच टोबेर या केस बनवणाऱ्यांनी साधं बूच वापरलं. बोर्गेल यांचा जुना कारखाना त्यांच्याकडे आला होता. त्यांनी पाठ दहा कोनांची केली, म्हणजे हत्याराची पकड घट्ट बसावी, आणि चावीच्या दांडीभोवती बुचाची कडी घातली. दांडी फिरते, बूच तिला सगळीकडून चिकटून राहतं. चावी बंद करायला विसरायचा प्रश्नच नाही. पातेक फिलिपपासून मिडोपर्यंत घड्याळांच्या अनेक कंपन्यांनी या केस वापरल्या.

आता तुमच्या नव्या चावीकडे येऊ. आजची रबरी कड्यांची चावी त्या जुन्या भोकात सहसा बसत नाही, कारण ती ज्या नळीवर बसते तिचं माप वेगळं असतं. मग घड्याळजी जुनी नळी काढतो, भोक मोठं करतो, नवे आटे पाडतो. बुचाची जागा असेल तर ती कापली जाते. जे उत्तर पाहण्यासाठी ते घड्याळ घ्यावंसं वाटलं, तेच उत्तर पुसलं जातं. मागे राहते ती जुन्या मशीनभोवतीची आजची वॉटरप्रूफ केस, आणि तीही कमजोर. भावाचं खूळ बाजूला ठेवा. उद्या या घड्याळांना कोणी काहीही दिलं नाही तरी माझं मत हेच राहील.

कमजोर का, तर केसमुळे. स्टेनलेस स्टील गंजत नाही हे अर्धंच खरं. घामातला क्षार कडीखालच्या अरुंद फटीत साचतो, तिथे हवा पोचत नाही, आणि नेमकं तिथेच स्टीलला बारीक खड्डे पडतात. वरून केस चकचकीत दिसते, पण पाठ काढून तिची बैठक भिंगाखाली पाहा. पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेल्या केसचं तर विचारूच नका. अशा खडबडीत बैठकीवर नवी रबरी कडी आज दाबून बसेल, चाचणीही पास होईल. पण ती चाचणी त्या दिवशी, त्या तापमानाला, स्थिर ठेवलेल्या घड्याळाची असते. उन्हात तापलेलं घड्याळ थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. त्याला खोलीही लागत नाही. एक थेंब पुरतो. पोलादी दांडी, बारीक स्क्रू, हेअरस्प्रिंग गंजायला लागतात, आणि घड्याळ चालत असल्याने तुम्हाला पत्ता लागत नाही. तुमच्या मित्राला आवर्जून सांगा : घड्याळ हातात जरा कोमट होऊ द्या, मग काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवा, मिनिटभराने पुसा. काचेच्या आतून धुकं दिसलं तर ओल आधीच आत आहे, चाचणीचा निकाल काहीही असो.

मी सगळंच जुनं जपा म्हणतो, असा तुमचा समज दिसतो. तसं नाही. सुकून भुगा झालेलं बूच मी बदलतो, पण बुचानेच. तेल आणि मुख्य स्प्रिंग बदलतो. आणि सेल्युलॉइडची (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची) काच तर दिसताक्षणी काढून टाकतो, मूळ असली तरी. सेल्युलॉइड म्हातारं झालं की पिवळं पडतं, आकसतं आणि त्यातून आम्लाची वाफ सुटते. साध्या घड्याळातून ती निघून तरी जाते. वॉटरप्रूफ केसमध्ये कोंडली जाते आणि काटे, तबकडी, स्क्रू खाऊन टाकते. केस जितकी चांगली, तितकं नुकसान जास्त. ती जुनी काच वेगळ्या पाकिटात, घड्याळापासून लांब ठेवा.

तबकडीबद्दल मात्र मला हात जोडून सांगायचंय. तुमच्या घड्याळाचे आकडे आणि काटे अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले असतील, तर त्या काळच्या रंगात बहुतेक रेडियम हा किरणोत्सारी पदार्थ आहे. चमक विझली म्हणजे धोका संपला, असं नाही. चमकायचं तो झिंक सल्फाइड, आणि तो काही वर्षांत थकतो. रेडियमची अर्ध-आयु मात्र १६०० वर्षांच्या आसपास आहे. तो आजही जवळपास पूर्ण ताकदीने तिथे आहे. बंद घड्याळात काचेआड तो असणं वेगळं आणि तबकडी खरवडून त्याची धूळ श्वासात जाणं वेगळं. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात ओठांनी ब्रशला टोक काढत याच रंगाने तबकड्या रंगवणाऱ्या तरुण मुलींचे जबडे कुजले, काहींचे जीव गेले. तुमच्या घड्याळजीला ही कल्पना आहे का, हे त्याला विचारल्याशिवाय तबकडी त्याच्या हातात देऊ नका. नुसत्या देखणेपणासाठी दुसऱ्याच्या फुफ्फुसाशी खेळायचा हक्क आपल्याला नाही.

आता खाडी पोहणारी ती बाई, मर्सेडीझ ग्लाइट्झ. ती जाहिरात होती, यात शंकाच नाही : २४ नोव्हेंबर १९२७, ‘डेली मेल’चं पहिलं पान. पण त्यामागची पोहण्याची घटना खरी आहे. ७ ऑक्टोबरला तिने खाडी पार केली. काही दिवसांतच दुसऱ्या एका बाईचा तसाच दावा बनावट निघाला आणि हिच्याकडेही लोक संशयाने पाहू लागले, म्हणून २१ ऑक्टोबरला ती पुन्हा उतरली. या वेळी ऑयस्टर तिच्या गळ्यात होतं. पाणी इतकं गार होतं की दहा तासांहून जास्त झुंजूनही तिला पलीकडे न पोचता बाहेर काढावं लागलं. घड्याळ चालू होतं. ते नवं कोरं घड्याळ होतं, त्याचे आटे त्याच वर्षीचे होते, हे आपल्या वादात विसरू नका. आणि ऑयस्टर पहिलं नव्हतं, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या देपोलिए या केस बनवणाऱ्यांनी वॉल्थम या अमेरिकन कंपनीची मशीन घालून वॉटरप्रूफ मनगटी घड्याळं बनवली होती, आणि बोर्गेल यांचं आट्यांच्या केसचं पेटंट तर १८९१चं आहे. पहिलं कोण या भांडणात मला रस नाही. भोक कोणी कसं बुजवलं, यात आहे.

तर तुमचं घड्याळ. घड्याळजीकडे जरूर द्या. साफसफाई आणि तेलपाणी त्याला हवंच असेल. पण सांगून ठेवा की केसला बफ लावायचा नाही, तबकडीला हात लावायचा नाही, आणि चावी निघालीच तर जुनी चावी आणि नळी पिशवीत घालून परत द्यायची. पाठ उघडेल तेव्हा स्वतः समोर बसा. पाठीला दहा कोन आहेत का, चावी आट्यांवर बसते की सरळ फिरते, दांडीभोवती तपकिरी भुगा दिसतो का, हे बघा. आणि पाठीच्या आतल्या बाजूचा फोटो घ्या. तिथे छोटा क्रॉस आणि त्याच्याजवळ एक आकडा कोरलेला असेल, तर तो बहुधा स्विस पेटंटचा क्रमांक आहे. तो आकडा मला कळवा. त्यावरून तुमच्या घड्याळाची केस कोणाच्या डोक्यातून आली ते आपण दोघं मिळून शोधू, आणि मग चावीचं काय करायचं ते ठरवा.