खेळाडू विकले म्हणून बफेलो बुडालं नाही

बफेलो सेबर्स या अमेरिकेतल्या आइस हॉकी संघाच्या चाहत्यांमध्ये एक मजकूर गेली कित्येक वर्षं फिरतो आहे. जूनमध्ये सेबर्सचा एखादा माजी खेळाडू एनएचएल या लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅन्ले कप उचलताना दिसला की तो नव्यानं पसरतो. आशय असा: रायन ओ'रायली, जॅक आयकल, सॅम राइनहार्ट, ब्रँडन माँटूर आणि लिनस ऊलमार्क हे पाचही जण आपले होते. व्यवस्थापनानं त्यांना मातीमोल भावानं घालवलं. ते दुसरीकडे गेले आणि जिंकले. ते राहिले असते तर कप बफेलोत आला असता. २०११-१२ ते २०२४-२५ असे सलग १४ हंगाम प्लेऑफविना (विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांविना) गेले, हा एनएचएलमधला नकोसा विक्रम या ट्रेडमुळेच (खेळाडूंच्या अदलाबदलीमुळेच) आपल्या नावावर लागला.

टोरांटोची तिकिटं परवडत नाहीत म्हणून दक्षिण ओंटारियोतले आम्ही बरेच जण सीमेवरचा पीस ब्रिज ओलांडून बफेलोला सामने बघायला जातो. तिथला राग मला समजतो, तो माझाही आहे. पण हा मजकूर राग चुकीच्या जागी काढतो, आणि ज्या निर्णयांनी खरं नुकसान केलं ते सहीसलामत सुटतात. म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेतो.

सुरुवात सगळ्यात मोठ्या दाव्यापासून: 'हे सगळे एकत्र राहिले असते तर.'

ते एकत्र होते. ओ'रायली, आयकल आणि राइनहार्ट हे तिघं २०१५-१६, २०१६-१७ आणि २०१७-१८ असे तीन पूर्ण हंगाम बफेलोच्या जर्सीत खेळले. ऊलमार्कही संस्थेतच होता, त्यानं बफेलोसाठी पहिला सामना २०१५ सालीच खेळला. त्या तीन हंगामांत संघाचे गुण झाले ८१, ७८ आणि ६२. तिसऱ्या वर्षी ३१ संघांमध्ये बफेलो ३१ वं होतं. आयकल तेव्हा नवखा होता, २०१६-१७ च्या सुरुवातीला घोट्याच्या दुखापतीनं तो २१ सामने बाहेर होता, हे मान्य. तरी खेळाडू मोठे होतात तसा संघ वर सरकायला हवा. इथे तो दर वर्षी खाली गेला. पुढे ज्यांच्या नावावर स्टॅन्ले कप लागला असे तीन फॉरवर्ड एकाच वेळी हाताशी असून संघ तळाला जातो, तेव्हा 'त्यांना का सोडलं' याच्या आधी 'ते असताना हे का झालं' हा प्रश्न येतो. मजकुरात तो कुठेच नाही.

त्याचं उत्तर त्या संघाच्या यादीत दिसतं. वरच्या दोन फळ्यांवर नावं होती. खालच्या फळ्यांवर आणि बचावात भरवशाची माणसं नव्हती, आणि गोलमध्ये संपूर्ण हंगाम खांद्यावर घेईल असा कुणी नव्हता. २०११ मध्ये टेरी पेगुला यांनी संघ विकत घेतला तेव्हापासून २०२० पर्यंत लिंडी रफ, रॉन रोल्स्टन, टेड नोलन, डॅन बाइल्स्मा, फिल हाऊस्ली आणि राल्फ क्रूगर एवढे प्रशिक्षक झाले. अशा घरात विशीतल्या मुलानं कुणाकडे बघून शिकायचं?

दुसरा दावा, 'जो जातो तो कप जिंकतो.' गेलेल्यांपैकी जिंकलेलेच मोजले तर तसंच दिसणार. रॅस्मस रिस्टोलाइनेन २०२१ मध्ये फिलाडेल्फियाला गेला आणि २०२५ पर्यंत प्लेऑफचा एकही सामना खेळला नाही. त्याच्या बदल्यात बफेलोला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीतली १४ वी निवड आणि शिवाय दुसऱ्या फेरीतली एक मिळाली. अलेक्झांडर नायलँडर देऊन हेन्री योकिहार्यू आणला, तो सौदा सरळ सरळ बफेलोच्या फायद्याचा होता. या दोघांची नावं त्या मजकुरात कधीच येत नाहीत.

आता ओ'रायली. १ जुलै २०१८ ला त्याला सेंट लुइसला पाठवलं. बदल्यात टेज थॉम्पसन, पॅट्रिक बर्गलंड, व्लादिमीर सोबोत्का, पहिल्या फेरीतली एक निवड आणि दुसऱ्या फेरीतली एक. पुढच्या जूनमध्ये ओ'रायली कप, प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी आणि सर्वोत्तम बचावात्मक फॉरवर्डची सेल्की ट्रॉफी घेऊन उभा होता. बर्गलंड तोवर बफेलो सोडून गेला होता आणि सोबोत्काकडून जवळजवळ काहीच हाती लागलं नव्हतं. त्या दिवशी हा इतिहासातला सर्वात वाईट सौदा वाटला यात नवल नाही.

पण हिशेब २०१९ वर थांबवायचं कारण काय? थॉम्पसननं पहिल्या हंगामात ६५ सामन्यांत ७ गोल केले आणि त्याला खालच्या लीगमधल्या रॉचेस्टरच्या संघात पाठवलं. दुसरं वर्ष खांद्याच्या दुखापतीत गेलं. मग प्रशिक्षक डॉन ग्रॅनाटो यांनी त्याला विंगवरून सेंटरला आणलं आणि २०२१-२२ मध्ये त्यानं ३८, पुढच्या वर्षी ४७ आणि २०२४-२५ मध्ये ४४ गोल केले. ७ डिसेंबर २०२२ ला कोलंबसमध्ये एकाच सामन्यात पाच, त्यातले चार पहिल्याच सत्रात. असा खेळाडू देणाऱ्या सौद्याला फुकट घालवलं म्हणता येत नाही.

उलट बाजूही बघा. ओ'रायली गेल्यावर नोव्हेंबर २०१८ मध्ये बफेलोनं सलग १० सामने जिंकले आणि काही दिवस ते लीगमध्ये अव्वल होते. सेंट लुइस, ओ'रायली असूनही, जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला लीगमध्ये तळाला होतं. फिरलं कशानं? प्रशिक्षक क्रेग बेरूबी यांच्याकडे संघ आधीच आला होता आणि जानेवारीत जॉर्डन बिनिंग्टन नावाचा नवखा गोलकीपर गोलमध्ये उभा राहिला. बफेलोकडे तसा कुणी नव्हता. त्या दहा विजयांनंतर त्यांची घसरण झाली आणि हंगाम ७६ गुणांवर संपला. ओ'रायली महान खेळाडू आहे, पण तो कप त्यानं एकट्यानं ओढून आणलेला नाही.

इथे चूक होती ती सौद्याच्या घाईत. त्याच दिवशी ओ'रायलीला ७५ लाख डॉलरचा बोनस देय होता आणि तो बफेलोनं द्यायच्या आत सौदा उरकला गेला. हंगाम संपताना ओ'रायलीनं उघडपणे सांगितलं होतं की सततच्या हरण्यानं खेळाबद्दलचं प्रेमच आटत चाललं आहे. हे ऐकून संघ सुधारायला हवा होता. बोलणारा माणूसच बाहेर काढला गेला. यासाठी तेव्हाचे सरव्यवस्थापक जेसन बॉटरिल यांना दोष द्या, मी सोबत आहे.

आयकलचं प्रकरण मला सगळ्यात जास्त टोचतं. ७ मार्च २०२१ ला आयलँडर्सविरुद्ध त्याच्या मानेतली चकती सरकली. संघाच्या डॉक्टरांना मणके जोडण्याची शस्त्रक्रिया हवी होती, आयकलला कृत्रिम चकती बसवून हवी होती. एनएचएलच्या खेळाडूवर ती तोवर झाली नव्हती, आणि खेळाडू संघटनेशी झालेल्या करारानुसार उपचाराचा शेवटचा शब्द संघाचा. महिनोन्महिने तिढा सुटला नाही. सप्टेंबरमध्ये कर्णधारपद काढून घेतलं. ४ नोव्हेंबर २०२१ ला तो व्हेगासला गेला, आठवड्याभरात त्याला हवी होती तीच शस्त्रक्रिया झाली, फेब्रुवारीत तो बर्फावर होता आणि २०२३ मध्ये प्लेऑफमध्ये सर्वाधिक २६ गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) मिळवून त्यानं कप जिंकला.

मजकूर म्हणतो, कवडीमोलानं विकला. बदल्यात अॅलेक्स टक, पेटन क्रेब्स, पहिल्या फेरीतली एक निवड आणि दुसऱ्या फेरीतली एक मिळाली. टक सिरॅक्यूसच्या भागातला, लहानपणापासून सेबर्सचा चाहता. त्यानं २०२२-२३ मध्ये ३६ गोल आणि ७९ गुण केले. मानेला दुखापत, वर्षाला १ कोटी डॉलरचा करार, आणि याला विकावंच लागणार हे सगळ्या लीगला ठाऊक. अशा स्थितीत तेव्हाचे सरव्यवस्थापक केविन अॅडम्स यांनी जे मिळवलं ते कमी नव्हतं. सौदा ठीक होता. त्याआधीचे आठ महिने अक्षम्य होते. २४ वर्षांच्या माणसाच्या मानेवर कोणती शस्त्रक्रिया व्हावी हे त्याला ठरवू द्यायला हवं होतं. चाहत्यांनी ओरडायचं तर यावर ओरडावं, 'बदल्यात काय मिळालं' यावर नाही.

राइनहार्टबद्दल मजकूर अर्धा बरोबर आहे. २०२३-२४ मध्ये ५७ गोल, मग एडमंटनविरुद्धच्या सातव्या सामन्यात कप जिंकून देणारा गोल, पुढच्या वर्षी निर्णायक सहाव्या सामन्यात चार गोल. हे बघताना पोटात खड्डा पडतो. पण २०२१ च्या उन्हाळ्यात तो करारातून मोकळा होऊन हव्या त्या संघात जायला एकच वर्ष राहिलं होतं आणि सात वर्षांत प्लेऑफचा एकही सामना न दिसलेल्या माणसाला बफेलोत आणखी आठ वर्षं बांधून घ्यायचं नव्हतं. त्याला विकणं ही वेळेवरची समज होती. चूक त्याआधीची, २०१८ ची. तेव्हा दीर्घ करार करण्याऐवजी दोन वर्षांचा तात्पुरता करार केला, २०२० मध्ये आणखी एका वर्षाचा. पैसे वाचवले आणि वर्षं गमावली. शिवाय बफेलोत त्याचे एका हंगामातले सर्वाधिक गोल २५ होते. फ्लोरिडात त्याच्या शेजारी अलेक्झांडर बार्कोव्हसारखा अव्वल सेंटर होता.

माँटूर? तिसऱ्या फेरीच्या एका निवडीवर दिला आणि दोन वर्षांनी त्यानं ७३ गुण केले. इथे मजकूर बरोबर आहे, वाद नाही.

राहिला ऊलमार्क. यादीत त्याचं नाव शेवटी येतं आणि तेही 'ट्रेड केला' म्हणून. त्याला कुणी ट्रेड केलंच नाही. जुलै २०२१ मध्ये करार संपला आणि तो बोस्टनला निघून गेला, बफेलोच्या हाती काहीही न येता. माझ्या मते या १४ वर्षांतलं सर्वात महाग नुकसान हेच आहे.

आकडे बघा. २०२०-२१ मध्ये बफेलोनं ५६ पैकी १५ सामने जिंकले, त्यातले ९ ऊलमार्क गोलमध्ये असताना. फेब्रुवारीच्या अखेरीस तो जखमी झाला आणि तिथूनच सलग १८ सामने एकही विजय न मिळण्याची ती भयंकर मालिका सुरू झाली. तळाच्या संघात त्याचे नियमित वेळेतले पराभव विजयांपेक्षा कमी होते. दोन वर्षांनी बोस्टनमध्ये त्यानं ४० विजयांसह सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफी घेतली. आणि बफेलोनं त्याच्या जागी आणला क्रेग अँडरसन, वय ४०. अँडरसन सभ्य, कष्टाळू, मला आवडणारा खेळाडू. पण त्या वयात त्याच्यावर संघ उभा करायचा नसतो.

बफेलोचे चांगले दिवस आठवा. १९९९ ची अंतिम फेरी डॉमिनिक हाशेकच्या जिवावर, २००६ आणि २००७ ची प्लेऑफमधली धाव रायन मिलरच्या. या शहराला गोलकीपरचं मोल सांगायची गरज पडू नये. तरी २०१४ मध्ये मिलर गेला आणि मग आला २०१४-१५ चा हंगाम, ज्याला आजही काही चाहते 'योग्य योजना' म्हणतात: मुद्दाम तळाला जायचं आणि ड्राफ्टमधला सर्वात मोठा नवखा खेळाडू, कॉनर मॅकडेव्हिड, मिळवायचा. त्या हंगामात जोनास एन्रॉथ फेब्रुवारीत डॅलसला गेला, मिखाल नॉयव्हिर्त मार्चमध्ये आयलँडर्सकडे. दोघंही गोलकीपर, दोघंही संघाला सामने जिंकून देऊ शकणारे. २६ मार्च २०१५ ला अॅरिझोनाच्या सॅम गॅग्नरनं जादा वेळेत बफेलोवर गोल केला तेव्हा आपल्याच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. बफेलो शेवटचं आलं, ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत मॅकडेव्हिड एडमंटनला गेला. बफेलोला आयकल मिळाला, आणि त्याच्यासोबत हरण्याची सवय लागलेलं ड्रेसिंग रूम. ओ'रायली ज्याबद्दल बोलला ते हेच होतं.

ट्रेडनीच संघ मारला म्हणणाऱ्यांनी २०२२-२३ समोर ठेवावं. थॉम्पसन, टक, रॅस्मस डाहलिन, जेफ स्किनर. लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या संघांत बफेलो होतं. यातले पहिले दोघं त्याच 'वाया गेलेल्या' सौद्यांतून आलेले. ९१ गुण झाले. फ्लोरिडा ९२ गुणांवर आत गेलं आणि थेट अंतिम फेरीपर्यंत पोहोचलं. आक्रमण कमी पडलं नव्हतं. अँडरसन, एरिक कॉमरी आणि उक्को-पेक्का लुकोनेन यांच्यात कुणीच तो हंगाम सावरला नाही. अखेरच्या टप्प्यात कॉलेजमधून आलेल्या डेव्हन लेव्हीला उभं केलं आणि त्यानं सातपैकी पाच सामने जिंकले. लेव्ही मिळाला होता राइनहार्टच्या ट्रेडमधून. त्याच आठवड्यांत फ्लोरिडाचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर आजारी पडला आणि अॅलेक्स लायन नावाच्या, खालच्या लीगमधून बोलावलेल्या तिसऱ्या गोलकीपरनं सामन्यामागून सामने जिंकून त्यांना तो एक गुण पुढे नेलं. बफेलोनं लायनशी करार केला २०२५ च्या जुलैमध्ये.