वेणी आधी, सत्यभामा नंतर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तेलुगू सिनेमा आणि साहित्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तेलुगू सिनेमात गोष्ट नसतेच, असतात त्या नायकाच्या लांबलचक एंट्र्या आणि हवेत उडणाऱ्या गाड्या. मी उगाच त्याला 'कथनपरंपरा' असं भारदस्त नाव देतोय, असं तुमचं म्हणणं. शिवाय लेखाच्या शीर्षकात साहित्य असून लेखात साहित्याला दोनच ओळी. हा दुसरा आरोप मुकाट्याने मान्य. पहिल्यावर मात्र भांडायचंय.

एंट्रीचंच घ्या. कुचिपुडी नृत्यातल्या भामाकलापात, म्हणजे सत्यभामेवरच्या नृत्यनाट्यात, सत्यभामा थेट समोर येत नाही. पडदा धरलेला असतो, त्यावरून आधी दिसते ती फक्त तिची लांबलचक वेणी. मग ती स्वतःच गाऊन, नाचून आपण कोण ते सांगते. त्या गाण्याला प्रवेश-दरुवू म्हणतात. पडद्यामागे कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी माणसं माना उंचावून बघतात. तेलुगू सिनेमात नायकाचा आधी बूट, मग मूठ आणि सगळ्यात शेवटी चेहरा दिसतो, तेव्हा मला ती वेणीच आठवते. आता वेणीमागे सत्यभामा असावी लागते, आणि पुष्कळदा नुसती वेणीच असते, हे तुमचं खरं.

'मायाबजार' (1957) हा तेलुगू सिनेमा बघा. गोष्ट आपल्याकडच्या वत्सलाहरणाची, तिकडे वत्सलेची शशिरेखा झालेली. व्यासांच्या महाभारतात ती नाहीच, आणि शेवट तर शाळकरी पोरालाही माहीत. मग दिग्दर्शक के. व्ही. रेड्डी आपल्याला कशात गुंतवतात? घटोत्कच शशिरेखेचं रूप घेतो तेव्हा. चेहरा अभिनेत्री सावित्रीचा, नाजूक नवरीचा, पण चालीत आणि मिजाशीत घटोत्कच झालेल्या एस. व्ही. रंगारावांचा राक्षस. पुढे काय होणार याची नाही, आता हे कसं करतात याची उत्सुकता. कीर्तनाला बसणाऱ्या मराठी माणसाला हे नवीन नसावं.

आता राहिलेलं साहित्य. गुरजाडा अप्पारावांचं 'कन्याशुल्कम' हे तेलुगू नाटक 1892 साली रंगभूमीवर आलं, देवलांच्या 'शारदा'च्या सात वर्षं आधी. विषय तोच, पैसे घेऊन लहान मुली म्हाताऱ्यांना देण्याचा. पण लिहायची भाषा ग्रांथिक, म्हणजे पुस्तकी, असण्याच्या त्या काळात गुरजाडांनी बोलीत लिहिलं, आणि नाटक खाऊन टाकलं ते गिरीशमने. इंग्रजी फेकत, सुधारणेच्या गप्पा मारत सगळ्यांना टोप्या घालणारा हा इसम. 'शारदा'त असा लफंगा केंद्रस्थानी नाही. मला तर त्याचा हेवा वाटतो.

एक गोष्ट तुम्ही म्हणाला नाहीत, ती मीच कबूल करतो. तेलंगणाची बोली या सिनेमाने वर्षानुवर्षं विनोदी पात्रांच्या आणि गुंडांच्या तोंडी घातली, आणि मी मूळ लेखात ते सोयीस्करपणे गाळलं. म्हणूनच 'बलगम' (2023) बघा असं सुचवतो. बलगम म्हणजे आपलं गणगोत. तेलंगणातल्या खेड्यात म्हातारा जातो आणि पिंडाला कावळा शिवत नाही. बस, एवढीच गोष्ट. हे काय संकट आहे ते तुम्हाला समजावून सांगायला नको. शेवटी ना हाणामारी, ना उडती गाडी. गावोगाव कथा गाणारं एक जोडपं येतं आणि गेलेल्या माणसाचं मन त्याच्याच घरच्यांसमोर गाऊन दाखवतं. एकमेकांचं तोंड न बघणारी भावंडं तिथेच कोसळतात. कावळा त्यानंतर येतो.