लाल म्हणजे प्लस

भोसरीतल्या आमच्या कारखान्यात एका भट्टीला आठ थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेले तापमान मोजणारे सेन्सर) आहेत, सगळे के टाइप, म्हणजे एकाच ठरावीक धातूंच्या जोडीचे. त्यातले सात शहाणे. आठवा सकाळी भट्टी थंड असताना इतरांसारखाच २८ अंश दाखवायचा, पण भट्टी ८५० वर गेली की हा ७८० वर हातपाय गाळून बसायचा.

थर्मोकपल बदलला, पॅनेलमधलं आकडा वाचणारं कार्ड बदललं, लिंबू-मिरची तेवढी बाकी होती. मल्टिमीटरने थर्मोकपलपासून पॅनेलपर्यंतची केबल बघितली, कुठे तुटलेली नाही. पॅनेलवर सिम्युलेटर (थर्मोकपलची नक्कल करणारं यंत्र) लावला, आकडा चोख. मग एका दुपारी पॅनेल रूमचा एसी बिघडला. आम्ही घामाघूम झालो आणि आठवा वीस अंशांनी सुधारला! मी तर 'एसी काढून टाकावा' असा मेल लिहायला घेतला होता.

तेवढ्यात स्टोअरचे काका आले. केबल बघून म्हणाले, "ही पिवळी-लाल कुठून आली? बाकी सगळी हिरवी-पांढरी आहे ना?"

"हिरवी संपली होती, काका. हीपण के टाइपचीच आहे."

काकांनी कपाटावर कॅलेंडर धरून बसलेलं लोहचुंबक काढलं आणि सोललेल्या तारांना लावलं. पिवळीने ढुंकून पाहिलं नाही, लाल मात्र पटकन चिकटली. के टाइपमध्ये चुंबकाला चिकटते ती मायनसची तार. अमेरिकन रंगपद्धतीत लाल म्हणजे मायनस! (ज्याने हे ठरवलं त्याने आयुष्यात बॅटरी पाहिली नसावी.)

आमची लाल दोन्ही टोकांना प्लसमध्ये. दोनदा उलटल्याने सिग्नल सुलटाच पोचायचा, त्यामुळे भट्टी तापली की आकडा चढायचा, कुणाला शंकाच येत नव्हती. पण थर्मोकपलचं हेड (जिथे केबल जोडतात ती डबी) ६० अंशांवर, पॅनेल २५ वर. केबलही थर्मोकपलसारखीच, त्यामुळे तिच्यातून मधल्या ३५ अंशांची भर पडायची, ती उलट्या केबलने पडली नाहीच, वर तेवढीच वजा झाली. एकूण ७० अंशांचा चुना. सकाळी दोन्ही टोकं सारखीच गार, म्हणून चूक शून्य. एसी बिघडल्यावर पॅनेल तापलं, फरक घटला, एवढंच. आणि एसी बिचारा निर्दोष.

मी तावातावाने इलेक्ट्रिशियनला बोलावलं. "लाल वायर प्लसला लावायला कुणी सांगितलं?"

त्याने खिशातून चार घड्यांचं, तेलकट ड्रॉइंग काढलं. आठव्या चॅनेलपुढे पेनने लिहिलं होतं, 'लाल = प्लस'. खाली सही. अक्षर ओळखीचं होतं.

"साहेब, तुमचीच आहे ना?"

काका चुंबक पुन्हा कॅलेंडरला लावण्यात फारच गुंग झाले होते.