मैत्रीला पैसे लागत नाहीत म्हणे!

"एकटेपणा हा श्रीमंतांचा आजार. गरिबाच्या घरात दहा माणसं, तिथे एकटेपणाला जागाच कुठे?" अशी सुरुवात असलेला फॉरवर्ड दादाने परवा घरच्या ग्रुपवर टाकला. वर गुलाबाचं फूल, खाली पाच मुद्दे, शेवटी 'पटलं तर पुढे पाठवा'. एरवी असलं काही मी न वाचताच सोडते. पण त्याखाली आत्याने हात जोडले होते, आणि दुपारी फोनवर म्हणाली, "अगं, माझंच चुकतंय. मीच कुणात मिसळत नाही." म्हणून हा खटाटोप.

चौथा मुद्दा आधी घेते, कारण डोकं त्यानेच फिरलं. "मैत्रीला पैसे लागत नाहीत. घराबाहेर पडा, माणसांत बसा."

लागतात पैसे. आत्याची दहा बायकांची भिशी होती, महिना पाचशेची. पोळ्या लाटायची कामं होती तोवर निभलं. गुडघे गेले, कामं सुटली, मग भिशी सुटली आणि तिच्याबरोबर महिन्याचं चहा-चिवड्याला जमणंही. त्या बायका त्याच इमारतीत आहेत. "ये की गं नुसती," म्हणतात. नुसती कशी जाणार? लग्नाला जायचं तर एसटीत बायकांना २०२३पासून अर्धं तिकीट आहे, कबूल. पाकिटात घालायचे दोनशे एक कोण देणार? 'बरं नाही' सांगून तिने दोन लग्नं टाळली. तिसऱ्याची पत्रिकाच आली नाही.

बाहेर पडा म्हणे! चाळ पाडल्यावर आत्या पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर गेली. मेंटेनन्स थकला की लिफ्ट बंद. भजनाला जावं तर मांडी घालता येत नाही, खुर्ची मागायची लाज वाटते, आणि शुगरमुळे सारखं लघवीला उठावं लागतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याची लिफ्ट चालू असावी.

आता 'श्रीमंतांचा आजार'. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५चा अहवाल सांगतो की कमी उत्पन्नाच्या देशांत सुमारे २४ टक्के लोकांना एकटं वाटतं, श्रीमंत देशांत सुमारे ११ टक्क्यांना. भारत त्या सर्वांत गरीब गटात मोडत नाही, पण आकडा कुठल्या बाजूला झुकतो ते दिसतंच आहे. आणि घरात दहा माणसं असली म्हणून काय? आत्याकडे पाच आहेत. रात्री ती ओट्याला लागून अंथरूण घालते आणि खोकला आला की तोंडावर पदर दाबते, नातवाची झोप मोडू नये म्हणून. दिवसभरात तिच्याशी कोण किती बोललं, हे तिला विचारा.

'एकटेपणा म्हणजे रोज १५ सिगारेटी ओढण्याइतका घातक' या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. २०१०मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून तशी तुलना झाली होती. पण ती माणसांशी असलेल्या संबंधांबद्दल होती, नुसत्या एकटं वाटण्याबद्दल नव्हे. २०१७मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये ब्रिटनमधल्या साडेचार लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास आला. एकटं वाटणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुरुवातीला ३८ टक्के जास्त दिसला. मग आर्थिक स्थिती, सवयी, नैराश्य, तब्येत हे सगळं हिशेबात धरलं, तर तो फरक जवळजवळ पुसला गेला. ज्यांचा माणसांशी संबंधच तुटलेला होता, त्यांचा धोका मात्र काही प्रमाणात उरला. म्हणजे एकटेपणाच्या नावावर खपवलेलं बरंचसं ओझं गरिबीचं आणि दुखण्याचं निघालं. या एका अभ्यासापुढे तरी 'मन मोकळं ठेवा'चा उपदेश मला पोकळ वाटतो.

'माणसांत राहा, बीपी-शुगर आपोआप जाईल, गोळ्या फेका' हा मुद्दा वाचून मी आत्याला लगेच फोन केला. गोळ्या चालू आहेत, पण एक दिवसाआड घेते. पुरवून पुरवून. फॉरवर्डमुळे नव्हे, पैशांमुळे. रागावून सांगितलं, रोज घ्यायच्या, पैसे मी पाठवते.

उरला शेवटचा मुद्दा, 'ब्रिटनने एकटेपणासाठी मंत्री नेमला'. नेमला होता, २०१८मध्ये. जपाननेही २०२१मध्ये नेमला. त्यांनी दखल घेतली, एवढंच त्यातून कळतं.

दादा, शनिवारी गाडी घेऊन ये, आत्याचे गुडघे दाखवायचेत. लिफ्ट बंद असली तर तिला खुर्चीत बसवून उतरवायला दोघं लागतील.