15 मिली म्हणजे कंजूसपणा नव्हे

आमच्या साकोलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: 'खरी कोन्याक मोठ्या गोल ग्लासात, खाली मेणबत्ती धरून, सढळ हातानं ओतून प्यायची. बाटली जितकी जुनी तितकी भारी. थंडीत छातीला औषध.' यातलं एकही खरं नाही.

बाटलीचं आधी. कोन्याक म्हणजे फ्रान्सची द्राक्षांची ब्रँडी; ती मुरते ओकच्या पिंपात. काचेत गेली की तिचं वय थांबलं. बाटलीवर वयाचा दर्जा लिहितात; त्यातला एक्सओ म्हणजे मिश्रणातला सगळ्यात कोवळा अर्कही किमान 10 वर्षं पिंपात राहिलेला (2018 आधी ही अट 6 वर्षांची होती). तेव्हा 'आजोबांच्या वेळची बाटली' म्हणून कोणी दुप्पट पैसे मागितले तर देऊ नका.

औषध तर मुळीच नाही. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते, पण अंगातली उष्णता उलट बाहेर जाते. सर्दी झालेल्या लेकराला चमचाभर ब्रँडी पाजणारी घरं अजून आहेत. हात जोडून सांगतो, नका पाजू.

मेणबत्तीनं आधी अल्कोहोलच उसळतं आणि नाक भाजतं. मोठ्या ग्लासात वास पसरून जातो; तोंडाशी निमुळता छोटा ग्लास हवा.

आता सढळ हाताचं. फ्रान्सच्या शारांत भागात द्राक्षांची आंबट, पातळ वाइन तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळतात. साधारण 9 लिटर वाइनमधून लिटरभर अर्क निघतो. पुढं पिंपातून दर वर्षी थोडा उडून जातो, त्याला तिकडं 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. इतकं आटून उरलेलं काय गटागट प्यायचं? अत्तर कोणी वाटीनं अंगावर ओतून घेतं का?

गेल्या दिवाळीत जावईबापूंनी एक्सओ आणली. माप नव्हतं, म्हणून खोकल्याच्या औषधाचं झाकण धुऊन घेतलं आणि प्रत्येकाला 15 मिली दिली. बर्फ नाही, सोडा नाही. धाकटा कुरकुरला, "इतकीशीच काऊन गा?" मी म्हटलं, दहा मिनिटं नुसती ठेव. पहिल्या वासाला फक्त झणका होता. मग मनुका आली, जुन्या लाकडी पेटीचा वास आला. मोठे बाबा ऐंशीच्या पुढचे; उभा जन्म मोहाच्या झाडांखाली गेलेला. ते डोळे मिटून म्हणाले, "अंगणात मोहफूल वाळत घातलं का कोणी?" मग जिभेवर थेंबभर घेऊन कितीतरी वेळ गप्प बसले. धाकट्यानंही दुसऱ्यांदा मागितली नाही. (वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिकडं अशी बाटली नेऊ नका.)

सकाळी वहिनी ग्लास धुवायला घेत होत्या. मोठ्या बाबांनी आपला मागून घेतला. रिकाम्या काचेला अजून वास होता.