अंडं तेच, मथळा रोज नवा

अधूनमधून कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर हा मेसेज येऊन पडतोच: ‘अंडं काल विष होतं, आज अमृत झालं. मांस म्हणे सिगारेटइतकं घातक. चॉकलेटने म्हणे वजन उतरतं. शास्त्रज्ञांचंच रोज मत बदलतं, सगळे कंपन्यांचे मिंधे. आवडेल ते बिनधास्त खा. किमान 15 जणांना पाठवा.’ वैताग समजू शकतो, पण तो निघतोय भलत्यावरच.

आधी अंड्याचं बघू, कारण इथे मत खरंच बदललं. अंड्याच्या बलकात कोलेस्टेरॉल भरपूर, आणि ते दिवसाला 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त पोटात जाऊ नये, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने 1968 मध्ये सांगितलं. अमेरिकी सरकारच्या आहारसूचनांतून हा आकडा गेला तो 2015-2020च्या आवृत्तीत. म्हणजे जवळपास पन्नास वर्षांनी! याला ‘रोज’ म्हणायचं का? शिवाय ‘शक्य तितकं कमी’ हा सल्ला त्या आवृत्तीतही होताच. ‘अंडं निर्दोष!’ या मथळ्यात तो मावत नाही, एवढंच.

मांस आणि सिगारेट. ऑक्टोबर 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस (सॉसेज, हॅम वगैरे) तंबाखूच्याच गटात टाकलं, हे खरं. पण तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. संस्थेनेच तेव्हा दिलेले अंदाज बघा: जगभरात वर्षाला तंबाखूमुळे कर्करोगाचे सुमारे 10 लाख मृत्यू, तर प्रक्रिया केलेल्या मांसाच्या अतिसेवनामुळे सुमारे 34 हजार. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, हाही आकडा गाजला. पण 18 टक्के कशाच्या? समजा, शंभरातल्या पाच जणांना आयुष्यात हा आजार होणार होता; आता तो साधारण सहा जणांना होईल. तो सहावा माणूस क्षुल्लक नाही. पण बातमी वाचून शंभरातले अठरा जण आजारी पडणार असं वाटतं.

चॉकलेटची गोष्ट तर मुद्दाम रचलेली होती. जॉन बोहॅनन या पत्रकाराने 2015 मध्ये जर्मनीत साथीदारांसह ‘चॉकलेटने वजन उतरतं का’ याची खरीखुरी पण मुद्दाम फालतू चाचणी केली: माणसं 15, मुदत तीन आठवडे, मोजमापं 18. इतक्या गोष्टी मोजल्या की एखादी तरी नुसत्या योगायोगाने ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. लागला मटका! पैसे भरून लेख छापला, प्रसिद्धिपत्रक काढलं आणि ‘बिल्ड’सारख्या बड्या दैनिकानेही बातमी दिली. ‘माणसं किती होती हो?’ एवढा एक प्रश्न पुरला असता.

अर्थात, सगळं खापर पत्रकारांवर फोडून चालणार नाही. ब्रिटनमधल्या 20 विद्यापीठांची आरोग्यविषयक प्रसिद्धिपत्रकं तपासणारा अभ्यास 2014 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात 40 टक्के पत्रकांत मूळ शोधनिबंधापेक्षा वाढवून सल्ला दिलेला होता. फुगा बराचसा विद्यापीठातच भरला जातो; बातमीदार दोरी बांधून हवेत सोडतो.

‘मिंधे’ या शब्दात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. साठच्या दशकात अमेरिकी साखर उद्योगाने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे दिले आणि हृदयविकाराचा दोष साखरेवरून चरबीकडे सरकवणारा आढावा 1967 मध्ये छापून आला. पण 2016 मध्ये जुनी कागदपत्रं धुंडाळून हे चव्हाट्यावर आणलं तेही संशोधकांनीच. मग ‘सगळे’ कसे?

राहिलं ‘बिनधास्त खा’. अमेरिकेच्या 1980च्या पहिल्या आहारसूचना काढून बघा: विविध पदार्थ खा, तंतुमय पदार्थ पुरेसे घ्या, साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचा अतिरेक टाळा. आजही मुख्य सल्ला जवळपास हाच आहे. त्याची ब्रेकिंग न्यूज कशी करणार?

आणि हो, मेसेज 15 जणांना पाठवायचा होता. चॉकलेटच्या चाचणीतही नेमके तेवढेच होते.